फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा: विंडोज वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली १८ वर्षं मराठी डीटीपीचं काम करतेय, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका असं सगळं, त्यामुळे नातेवाईक, शेजारी, गिऱ्हाईकं सगळे कॉम्प्युटरचं काही अडलं की मलाच फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. विंडोज १० आणि ११ दोन्हीला हे लागू आहे, मेनूतली नावं कुठे कुठे थोडी वेगळी दिसतील.

कॉम्प्युटर खूप स्लो झालाय. फॉरमॅट मारून घेऊ का?

नाही, थांबा. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, ते शेवटचं. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे कॉलम दिसतात आणि कुठला कॉलम लाल होतोय किंवा ९०-१०० टक्क्यांवर अडकलाय ते पाच मिनिटं नुसतं बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

मेमरी भरत असेल तर ब्राऊझरमधे तीस-चाळीस टॅब उघडे आहेत का बघा. ४ जीबी रॅमवर ते झेपत नाही, टॅब कमी करा नाहीतर रॅम वाढवा. त्याच टास्क मॅनेजरमधे स्टार्टअपचा भाग आहे, तिथे कॉम्प्युटर चालू झाल्याबरोबर आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते, त्यातले रोज न लागणारे राईट क्लिक करून डिसेबल करा. डिसेबल म्हणजे अनइन्स्टॉल नव्हे, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतो, फक्त आपणहून उठत नाही.

आणि डिस्क जर सतत १०० टक्के दाखवत असेल तर परफॉर्मन्सच्या टॅबमधे डिस्कवर क्लिक करा, तिथे एचडीडी आहे की एसएसडी ते लिहिलेलं असतं. एचडीडी म्हणजे आत फिरणारी तबकडी असलेली जुनी हार्ड डिस्क. विंडोज १० आणि ११ तिच्यावर रडतखडतच चालतात, कितीही वेळा फॉरमॅट मारा, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. अशा मशीनला एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी नवी वेगवान डिस्क, टाकली की दहा वर्षं जुना कॉम्प्युटरसुद्धा पळायला लागतो, आणि जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर क्लोन करून घेता येते, म्हणजे एकही फाईल न हलवता, एकही सॉफ्टवेअर पुन्हा न टाकता काम होतं. दुकानात गेलात तर "फॉरमॅट मारून द्या" म्हणू नका, "क्लोन करून द्या" म्हणा. या एका शब्दाने खूप फरक पडतो.

पण दुकानवाले सांगतात की डी ड्राईव्हला हात लावत नाही, फक्त सी फॉरमॅट होतो. मग जातं काय?

डेस्कटॉप जातो. हे मला फार कळकळीने सांगायचंय. डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल ही स्क्रीनवर दिसते म्हणून ती कुठेतरी वेगळी आहे असं वाटतं, पण डेस्कटॉप हे सी ड्राईव्हमधलं एक साधं फोल्डर आहे, यूझर्स नावाच्या फोल्डरमधे तुमच्या नावाचं फोल्डर असतं त्याच्या आत. डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, पिक्चर्स हेसुद्धा तिथेच. सी फॉरमॅट केला की हे सगळं जातं.

माझ्या वडिलांनी रिटायर झाल्यावर दोन वर्षं बसून आठवणी टाईप केल्या होत्या. एका बोटाने. ९० पानं झाली होती आणि डेस्कटॉपवर "आठवणी" नावाच्या फोल्डरमधे होती, शेजारी आईच्या औषधांची यादी आणि गॅसचा नंबर. कॉम्प्युटर हँग होतो म्हणून त्यांनी तो गावातल्या एका दुकानात दिला, दुकानातल्या मुलाने विचारलं डी मधलं ठेवू ना, वडील हो म्हणाले, त्यांना वाटलं सगळं राहील. संध्याकाळी कॉम्प्युटर घरी आला तो नवाकोरा होता, डेस्कटॉपवर फक्त रिसायकल बिन. त्यांनी पुन्हा टाईप केलं नाही. मी तेव्हा घरापासून लांब होते आणि मला हे चार दिवसांनी कळलं, तोपर्यंत त्याच डिस्कवर नवीन सॉफ्टवेअर, सिनेमे सगळं पडलेलं होतं.

मग फाईली मुळातच डी मधे ठेवता येतील का?

येतात, आणि ते अवघड नाही. आधी डी मधे "डॉक्युमेंट्स" असं एक नवीन फोल्डर करा. मग डॉक्युमेंट्सच्या फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे लोकेशन नावाचा टॅब असतो, त्यात मूव्ह करून डी मधलं ते नवीन फोल्डर दाखवायचं. थेट डी ड्राईव्हच निवडू नका, त्याने नंतर घोळ होतो. डेस्कटॉप, पिक्चर्सलाही हेच, प्रत्येकाला वेगळं फोल्डर करून. पण एक लक्षात ठेवा, सी आणि डी हे बहुतेक घरच्या मशीनमधे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्कच बिघडली तर दोन्ही एकदम जातात, त्यामुळे डी म्हणजे बॅकअप नव्हे.

फॉरमॅट मारायचाच आहे, पर्याय नाही. आधी काय काय काढून ठेवू?

वर सांगितलेली चार फोल्डरं तर आहेतच. त्याशिवाय लोक विसरतात त्या गोष्टी: ब्राऊझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, स्टिकी नोट्स, आऊटलूक वापरत असाल तर त्याची मेलची फाईल, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर. टॅली वापरणाऱ्यांनी टॅली उघडून डेटाचा पाथ कुठला आहे तो बघून कागदावर लिहून ठेवा, तो पुष्कळदा सी मधेच असतो आणि त्यात वर्षभराची बिलं असतात. आणि मराठीत काम करणाऱ्यांनी सी ड्राईव्ह, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमधले तुमचे सगळे जुने मराठी फॉन्ट कॉपी करून घ्या. का ते पुढच्या प्रश्नात सांगते.

नवीन मशीन असेल तर अजून एक. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद झालेली असते. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाऊंटमधे असते, आजच लॉगिन करून बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. ती मिळाली नाही तर डेटा डोळ्यांसमोर असून उघडत नाही.

चुकून फॉरमॅट झालाच, आता काय?

मशीन बंद करा. खरंच, लगेच बंद. काहीही नवीन टाकू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका, कारण जुन्या फाईली तिथे अजून असतील तर नवीन लिखाण त्यांच्यावरच पडतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून प्रयत्न करायचा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधे बऱ्यापैकी आशा असते. एसएसडीत फार कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच मागच्या मागे साफ करून टाकते.

फॉरमॅटनंतर माझ्या जुन्या मराठी फाईली उघडतात पण सगळी इंग्रजी अक्षरं दिसतात. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही, फाईल शाबूत आहे, घाबरू नका आणि डिलीट तर अजिबात करू नका. तुमचा फॉन्ट गेलाय.

जुन्या काळचे कृतीदेव, श्रीलिपी वगैरे फॉन्ट कसे चालायचे ते समजून घ्या. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नव्हतंच, होती फक्त इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी मराठी चित्रं दाखवायचा. उदाहरणार्थ कृतीदेवमधे टाईप केलेला "मराठी" हा शब्द फॉन्ट काढला की ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं दिसतो. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दुसरी वेलांटी. फॉरमॅटमधे फॉन्ट उडाला की चित्रं गेली, खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. तोच फॉन्ट पुन्हा टाका (फॉन्टच्या फाईलवर राईट क्लिक, इन्स्टॉल), फाईल आधीसारखी वाचता येते. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकाचा अख्खा मजकूर मी असा परत आणलाय, लोकांनी तो फाईल करप्ट झाली म्हणून सोडून दिला होता.

पण फॉन्ट टाकून तिथेच थांबू नका. तो मजकूर युनिकोडमधे बदलून घ्या. युनिकोडमधे मराठीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट कुठलाही असो, मशीन कुठलंही असो, मोबाईल असो, "म" हा "म" च राहतो, आणि त्यात शोधता येतं, वर्णानुक्रमे लावता येतं. बदलायला कन्व्हर्टर मिळतात, फक्त बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालाच. जुन्या फॉन्टमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमधे ती नंतर येते, रफारचं नेमकं उलटं, त्यामुळे कन्व्हर्टर नेमके तिथे अडखळतात. "र्कि", "ष्ट्रि" असले शब्द आणि "ऱ्य" असलेले शब्द आधी तपासा.

युनिकोडमधे मराठी टाईप करायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला लागतं का?

नाही लागत. विंडोजमधेच आहे. सेटिंग्जमधे टाईम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज, ॲड करून मराठी निवडा. मग मराठीच्या ऑप्शन्समधे जाऊन कीबोर्ड ॲड करता येतात. एक साधा मराठी, तो इनस्क्रिप्ट, आणि एक मराठी फोनेटिक, हा २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आलाय. फोनेटिकमधे मोबाईलवर टाईप करता तसं इंग्रजी स्पेलिंग मारलं की खाली मराठी शब्द सुचतात. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोजची की धरून स्पेसबार दाबायचा.

माझं मत विचाराल तर रोज पानभर लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी ती रचना आहे आणि अल्पप्राण-महाप्राणाच्या जोड्या एकाच बटणावर आहेत, के दाबलं की क, शिफ्ट धरून के दाबलं की ख. तसंच एन वर ल आणि शिफ्ट एन वर ळ. शाळेत बाराखडी शिकलेल्या माणसाला हे पंधरा दिवसांत बोटांत बसतं. शिवाय गुजराती, कन्नड, तेलुगू सगळ्यांना हीच रचना आहे, एकदा शिकलं की बाकीच्या भाषांनाही तेच.

"दऱ्या" लिहायला जातो तर "दर्या" होतं. तो चंद्रकोरीसारखा र कुठे असतो?

नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ वापरायचा, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. इनस्क्रिप्टमधे शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, डी म्हणजे हलन्त. साधा र वापरला तर रफार होऊन समुद्र होतो, ऱ वापरला तर डोंगरातल्या दऱ्या होतात. तऱ्हा, वाऱ्यावर, कोऱ्या, पायऱ्या या सगळ्यांना हेच. हा आपला अर्धा र हिंदीला लागत नाही म्हणून शिकवण्यांमधे तो फारसा कुणी सांगत नाही, आणि मग लोक दर्‍या लिहिताना कंटाळून "दर्या" च ठेवून देतात, ते बघून वाईट वाटतं.

नोटपॅडमधे मराठी सेव्ह केलं, उघडलं तर नुसती प्रश्नचिन्हं.

जुन्या नोटपॅडमधे हे व्हायचं. सेव्ह करताना खाली एन्कोडिंग असा रकाना असतो, तिथे आन्सी असेल तर मराठी जाते आणि ती प्रश्नचिन्हं परत मराठी होत नाहीत. तिथे यूटीएफ-८ निवडा. २०१९ नंतरच्या विंडोजमधे ते आधीच निवडलेलं असतं. एक्सेलमधून सीएसव्ही काढतानाही साधं सीएसव्ही न निवडता यादीतलं "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडायचं, नाहीतर सभासदांच्या नावांच्या यादीत नुसती प्रश्नचिन्हं येतात.

कीबोर्डचे शॉर्टकट खूप आहेत, पाठ होत नाहीत. कुठले शिकू?

पन्नास शिकू नका. दोन शिका, बाकीचे गरजेने येतात.

पहिला, विंडोज की आणि व्ही. आपण कंट्रोल सी करतो तेव्हा आधी कॉपी केलेलं पुसलं जातं, बरोबर? विंडोज-व्ही दाबलं की पूर्वी कॉपी केलेल्या २५ गोष्टींची यादी समोर येते, हवी ती क्लिक करायची. पहिल्यांदा दाबल्यावर टर्न ऑन विचारतं, ते करायचं. फॉर्म भरताना नाव, पत्ता, पिनकोड, ईमेल एकदाच कॉपी करून ठेवायचं, पिन करायचं आणि प्रत्येक रकान्यात नुसतं निवडत जायचं. मशीन रिस्टार्ट केलं तरी पिन केलेलं राहतं. फक्त ज्या मशीनवर बरेच जण बसतात तिथे पासवर्ड कॉपी करू नका, तोही यादीत दिसतो.

दुसरा, कंट्रोल झेड, पण फोल्डरमधे. वर्डमधे सगळे वापरतात, पण फाईल चुकून दुसऱ्या फोल्डरमधे ओढली गेली, नाव बदललं गेलं, डिलीट झाली, तरी तिथेच लगेच कंट्रोल झेड मारा, फाईल जागेवर परत येते. माऊसने ओढताना हात सुटतो आणि फाईल कुठे गेली तेच कळत नाही, हा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो.

स्क्रीनचा हवा तेवढाच भाग कापून घ्यायला विंडोज-शिफ्ट-एस. जागेवरून उठताना विंडोज-एल, लॉक होतं. आणि ब्राऊझरचा टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी.

पेन ड्राईव्हवरून डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमधे दिसत नाही.

दिसणार नाही. पेन ड्राईव्हवरचं डिलीट थेट असतं. शिफ्ट धरून डिलीट केलं तरी तेच.

वर्डची फाईल सेव्ह करायचीच राहिली आणि लाईट गेली.

वर्ड पुन्हा उघडा, बहुतेक वेळा डाव्या बाजूला रिकव्हर झालेली फाईल तो स्वतः दाखवतो. नाही दाखवली तर फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स असं जा. वर्ड मुळात दर १० मिनिटांनी अशी प्रत ठेवतो, ऑप्शन्समधे सेव्हच्या पानावर जाऊन ते २ मिनिटं करून टाका. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून चारदा जाते, १० मिनिटं फार होतात. यूपीएस असेल तर त्यावर सीपीयू आणि मॉनिटर एवढंच लावा, लेसर प्रिंटर लावू नका, तो तापताना एवढा करंट खेचतो की यूपीएस बसतो.

स्क्रीन उलटी झालीये!

कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण. त्याने नाही झालं तर सेटिंग्ज, डिस्प्ले, ओरिएंटेशन, लँडस्केप.

टाईप करताना पुढची अक्षरं खाल्ली जातात.

इन्सर्ट बटण दाबलं गेलंय. एकदा पुन्हा दाबा.

डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन गेले.

फाईली गेल्या नाहीत. रिकाम्या जागी राईट क्लिक, व्ह्यू, शो डेस्कटॉप आयकॉन्स. या तीनही गोष्टींसाठी मशीन फॉरमॅट केलेली माणसं मला माहीत आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

रोज तारीख मागे जाते आणि वेबसाईट उघडत नाहीत, सिक्युरिटीचा एरर येतो.

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. नाण्यासारखा चपटा असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढा, झाकण उघडा, जुना सेल कसा बसवलाय त्याचा फोटो काढून मग बदला. वेबसाईटचं काय, तर प्रत्येक सुरक्षित वेबसाईटच्या सर्टिफिकेटवर कुठपासून कुठपर्यंत चालेल त्या तारखा असतात, मशीनला वाटतंय आज दहा वर्षांपूर्वीची तारीख आहे, मग ते सर्टिफिकेट त्याला खोटं वाटतं. तारीख बरोबर केली की साईट उघडतात.

मी रोज रात्री शट डाऊन करतो, तरी लोक म्हणतात रिस्टार्ट करून बघ. फरक काय?

फरक आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यात शट डाऊन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, म्हणून मशीन लवकर चालू होतं. पण अडकलेला ड्रायव्हर असेल तर तोही तसाच परत येतो. रिस्टार्टमधे मात्र सगळं नव्याने सुरू होतं. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्स, सीपीयू बघा, खाली अपटाईम लिहिलेला असतो. रोज बंद करणाऱ्या माणसाचा अपटाईमसुद्धा १२ दिवस दिसतो. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा.

फॉर्ममधे फोटो ५० केबीच्या आत मागतात, कसा करायचा?

सायबर कॅफेत जायची गरज नाही. आधी फोटोची कॉपी करा, मूळ फोटोला हात लावायचा नाही. कॉपीवर राईट क्लिक करून पेंटमधे उघडा, कंट्रोल डब्ल्यू दाबा, रिसाईझची चौकट येते, पिक्सेल्स निवडून फॉर्ममधे दिलेली रुंदी-उंची टाका. मग सेव्ह ॲज करून जेपेग निवडा. मोबाईलचा चार हजार पिक्सेलचा फोटो दोनशे-अडीचशेवर आणला की तो आपोआपच ५० केबीच्या आत येतो. आधी पासपोर्टच्या आकारात कापा आणि मग छोटा करा, उलटं केलं तर चेहरा फाटल्यासारखा दिसतो.

पेन ड्राईव्हमधे जागा आहे तरी लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत नाही.

पेन ड्राईव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट केलेला असणार, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, ड्राईव्ह ६४ जीबीचा असला तरी. आतलं सगळं दुसरीकडे काढून एक्सफॅटमधे फॉरमॅट करा. या एका ठिकाणी फॉरमॅट हेच उत्तर आहे.

पेन ड्राईव्हमधे फोल्डरच्या जागी सगळे शॉर्टकट झालेत.

हा मात्र व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलं की हमखास होतं. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, त्यानेच तो तुमच्या मशीनमधे शिरतो. तुमच्या फाईली आतच आहेत, फक्त लपवल्यात. आधी विंडोजच्याच डिफेंडरने पेन ड्राईव्ह स्कॅन करा, मग व्ह्यूमधून हिडन आयटम्स दाखवायला सांगा, तरी नाही दिसल्या तर फोल्डर ऑप्शन्समधे "प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स" लपवण्यापुढची खूण काढा. फाईली दिसल्या की कॉपी करून घ्या आणि ती खूण परत करून ठेवा.

अपडेट बंद करून ठेवू का? नेट खातं आणि मधेच रिस्टार्ट मागतं.

नका करू. मे २०१७ मधे वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा, आणि तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमधेच दिलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं त्यांची मशीन गेली. पुढच्याच महिन्यात, जून २०१७ मधे नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, तो तर आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला आणि तिथलं काम ठप्प झालं. नेटचं म्हणाल तर वायफायच्या सेटिंगमधे मीटर्ड कनेक्शन चालू करा, मग बरीचशी अपडेट तुम्हाला विचारल्याशिवाय उतरत नाहीत. आणि ॲक्टिव्ह अवर्समधे कामाची वेळ टाका, त्या वेळेत रिस्टार्ट होणार नाही. दुकानातून क्रॅक मारून दिलेलं विंडोज असेल तर त्यात अपडेट आणि डिफेंडर दोन्ही बंद करून ठेवलेले असू शकतात, ते तपासाच.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. मशीन फेकून द्यायचं का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. मशीन चालतं, पण सुरक्षेची नवी अपडेट आपोआप येत नाहीत. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून नाव नोंदवलं तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलीये. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, तुमचं मशीन बसतं का ते पीसी हेल्थ चेक नावाच्या मायक्रोसॉफ्टच्याच प्रोग्रॅमने कळतं. नाही बसलं आणि काम फक्त ब्राऊझर, पत्रं, हिशोब एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाका, ते मोफत आहे आणि ४ जीबी रॅमवर नीट चालतं, मराठी टायपिंगही होतं. टॅली आणि जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मात्र त्या वाटेला जाऊ नका, तुमचं काम अडेल.

"तुमच्या कॉम्प्युटरमधे व्हायरस आहे, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" असा फोन आला.

ठेवून द्या. कुठलीही कंपनी असा फोन आपणहून करत नाही. स्क्रीनवर भोंगा वाजवत लाल पाटी आणि नंबर आला असेल तर तो व्हायरस नाही, ते नुसतं वेबपेज आहे, टास्क मॅनेजरमधून ब्राऊझर बंद करा. त्यांनी सांगितलेलं स्क्रीन शेअर करणारं सॉफ्टवेअर टाकलं गेलंच असेल तर आधी नेटची वायर काढा, मग बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. पहिल्या तासाभरात केला तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त असते. घरातल्या मोठ्या माणसांना हा नंबर मॉनिटरवर चिकटवून द्या.

बॅकअप घेतलाय, पण तो खरंच झालाय का हे कसं कळणार?

बाहेरची हार्ड डिस्क काढा, दुसऱ्याच कुणाच्या तरी मशीनला लावा आणि त्यातली एक मराठी फाईल, एक फोटो, एक टॅलीचा बॅकअप उघडून बघा. उघडलं तर झालाय. मी हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करते, वीस मिनिटं लागतात. एक डिस्क घरात असते आणि दुसरी बहिणीकडे, दोन्हीत वरच्याच बाजूला "आठवणी" नावाचं फोल्डर आहे. वडिलांनी मेलमधून काकांना पाठवलेली ११ पानं मिळाली होती, ती त्यात आहेत, युनिकोडमधे.